इंग्रजीच्या प्रोजेक्टची तयारी मराठीत होऊ द्या

जानेवारी उजाडला की बेळगावच्या खडेबाजारात काय आणि निपाणी-खानापुरात काय, स्टेशनरीच्या दुकानांत शाळकरी मुलांची झुंबड उडते. रंगीत शीट, थर्माकोल, स्केच पेन, 'ग्लोबल वॉर्मिंग' आणि 'इंडियन फेस्टिव्हल्स'ची छापील चित्रं. मजकुराची जबाबदारी झेरॉक्सवाल्याची. त्याला विषय सांगितला की तो नेटवरून चार पानं काढून देतो, स्पायरल बायंडिंग करतो, वर पारदर्शक कव्हर घालतो. मग वर्गात तोंडी सादरीकरण. 'गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड टीचर अँड माय डिअर फ्रेंड्स' हे वाक्य खणखणीत येतं. पुढची दोन मिनिटं नजर छताकडे. मध्ये एखादा शब्द निसटला की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात. 'थँक यू'. टाळ्या. प्रश्न कुणी विचारत नाही, कारण विचारला तर काय होईल हे मुलाइतकंच बाईंनाही माहीत असतं.

यावर आपल्याकडे एकच औषध सुचवलं जातं: आणखी इंग्रजी. इंग्रजीच्या तासाला मराठी बंद, तयारीपासून सगळं इंग्रजीतच, घरीही जमेल तेवढं इंग्रजी. मला हे औषधच आजाराचं मूळ वाटतं. सीमाभागातल्या मराठी शाळांत, आणि मराठी घरातून इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीतही, तोंडी प्रोजेक्टची तयारी मराठीतच व्हायला हवी. गरज पडेल तिथे कन्नडमध्येही. इंग्रजी यावं ते शेवटच्या टप्प्यावर, मुलाकडे सांगण्यासारखं काही जमा झाल्यावर.

हा नुसता शिकवण्याच्या पद्धतीचा वाद असता तर तो शिक्षकांच्या कार्यशाळेत सोडून देता आला असता. पण त्यात गुण गुंतले आहेत. कर्नाटकच्या दहावीत प्रथम भाषेला १२५ गुण, द्वितीय आणि तृतीय भाषेला प्रत्येकी १००. या १०० पैकी ८० लेखी परीक्षेचे आणि २० शाळेच्या हातातले, वर्षभरातल्या मूल्यमापनातून यायचे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी प्रथम भाषा नसते, म्हणजे इंग्रजीतला पाचवा हिस्सा शाळा ठरवते. हे २० गुण लेखी परीक्षा जे मोजू शकत नाही ते मोजण्यासाठी आहेत. बोलणं, ऐकणं, विचारणं, उत्तर देणं. प्रत्यक्षात ते बायंडिंगला मिळतात. बहुतेक शाळांत सगळ्यांना अठरा-एकोणीस-वीस पडतात आणि मार्चपर्यंत तो विषय कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पाठांतराची ही सवय मुलांना कुठून लागली याचं उत्तर आपल्या कौतुकात आहे. सीमाभागाला वक्तृत्वाचं वेड आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, शिवजयंतीला सहावीतलं पोर माइक हातात घेऊन गर्जतं, आणि त्यात कर्नाटक सरकारची शालेय स्पर्धा 'प्रतिभा कारंजी' येते. शाळांच्या केंद्र पातळीवरून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. कंठपाठ, भाषण, अभिनयगीत. या स्पर्धांना मी नावं ठेवत नाही. मराठी शाळेतली कितीतरी मुलं स्टेजला घाबरत नाहीत ती यामुळेच. पण स्पर्धेत एक मूल बोलतं आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. तिथे मजकूर सरांनी किंवा वडिलांनी लिहिलेला चालतो, कारण दाद सादरीकरणाला असते. हाच साचा आपण उचलून इंग्रजीच्या वर्गात आणला. ज्याला पाठ होतं तो जिंकतो, आणि ज्याला होत नाही तो त्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहतो.

आता दुसरा साचा बघा. निपाणीतली नववीतली एक मुलगी समजा. घरात आई बिड्या वळते. हजार बिड्यांवर मजुरी. बाईंनी तिला 'टोबॅको अँड इट्स हार्मफुल इफेक्ट्स' हा विषय दिला तर ती झेरॉक्सच्या दुकानात जाणार, दुसरं काय करणार? त्याऐवजी तिला एक प्रश्न द्या: हजार बिड्या वळायला तुझ्या आईला किती वेळ लागतो आणि त्याचे तिला किती मिळतात? आता तिला आईशी बोलावं लागतं. मराठीत. पान कोण देतं, तंबाखू कोण देतं, बिड्या मोजून कोण घेतं, त्यातल्या नापास कुठल्या ठरवतात, नापास झालेल्यांचे पैसे कापतात का? आईला या गोष्टी कुणी कधी विचारलेल्याच नसतात, त्यामुळे ती बोलू लागली की थांबत नाही. मग कारखान्यातल्या कारकुनाला एक-दोन गोष्टी विचारायच्या, तर तो कन्नड बोलणारा. मुलगी तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये विचारते, तो हसून उत्तर देतो. शेजारचे आजोबा १९८१ च्या तंबाखू आंदोलनात पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्यांपैकी निघाले तर आणखी एक धागा सापडतो. चार-पाच दिवसांत तिच्या वहीत इतकं जमतं की तीन मिनिटांत काय काय सांगू असा तिला प्रश्न पडतो. आणि ती जे सांगणार असते ते वर्गात कुणालाच माहीत नसतं, बाईंनासुद्धा नाही.

मला या बदलाचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. बाईंना जे आधीच ठाऊक आहे ते त्यांनाच चुकत-माकत इंग्रजीत सांगणं ही परीक्षा झाली. बाईंना ठाऊक नाही ते सांगणं हे बोलणं झालं. दुसऱ्या प्रकारात मुलीचं व्याकरण मोडलं तरी वर्ग ऐकतो, कारण त्याला पुढचं हवं असतं.

असे प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. बेळगाव शहरात राकसकोप जलाशयाचं पाणी काही वॉर्डांत चोवीस तास येतं आणि काही ठिकाणी मधे दिवस जातात, असं का? म्हादई नदी खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ उगम पावते, तर त्या भागातल्या गावांना उन्हाळ्यात पाणी पुरतं का? टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. आज त्या विहिरीच्या आसपास राहणाऱ्यांना हे माहीत आहे का? शहापूर-वडगावच्या मागावर एक साडी उतरायला किती दिवस लागतात आणि विणकराचा मुलगा मागावर बसतो की उद्यमबागच्या फाउंड्रीत जातो? हलगा-मच्छे बायपासमध्ये ज्यांची पिकाऊ जमीन गेली त्यांनी आता काय पेरलंय, कुठे पेरलंय? इतिहासाचे ठरलेले विषयही असेच उलटे करता येतात. कित्तूरच्या राणी चन्नम्मांची १८२४ ची लढाई आणि नंदगडला १८३१ मध्ये फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा यांच्यावर दरवर्षी शेकडो तक्ते होतात, सगळे एकसारखे. नंदगडच्या मुलाने समाधीपाशी उभं राहून येणाऱ्या माणसांना 'तुम्ही कुठून आलात, का आलात?' एवढं विचारलं तरी त्याचा प्रोजेक्ट धारवाडच्या मुलाहून वेगळा होईल.

एक सावधगिरी मात्र हवी. गरिबाघरच्या मुलाला स्वतःचं घर वर्गात उघडं करायला भाग पाडू नये. आईची मजुरी सांगायची की गल्लीतल्या दुसऱ्या कुणाची, हे मुलीने ठरवावं.

मजकूर जमल्यावर इंग्रजीचं काम सुरू होतं. तेही टप्प्याने करायचं. पहिली तालीम मराठीत, बाकावरच्या जोडीदाराला. दोन मिनिटांत सगळं सांग, मग त्याने विचारायचं, कळलं नाही ते. या तालमीत गोष्टीचा क्रम ठरतो. एरवी मुलं क्रम आणि इंग्रजी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायला जातात आणि दोन्ही सांडतात. दुसऱ्या तालमीआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त शब्द लिहायचे, वाक्य एकही नाही: आकडे, नावं, अडणारे इंग्रजी शब्द. वाक्य लिहिलं की ते पाठ होतं आणि पाठ झालं की नजर पुन्हा छताकडे जाते. तिसरी तालीम इंग्रजीत, अडखळत, पुन्हा जोडीदारासमोरच. शिक्षकाने या वेळी चुका सुधारू नयेत, फक्त वर्गात सगळ्यांच्याच होणाऱ्या दोन-तीन चुका टिपून ठेवाव्यात.

त्यातली एक कुठली असेल हे आधीच सांगता येतं. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा क्रियापद शेवटी ठेवतात. 'आई हजार बिड्या दिवसभरात वळते' असं आपण म्हणतो, कन्नड बोलणाराही त्याच क्रमाने म्हणतो. म्हणून इथलं मूल कन्नड लवकर पकडतं, आणि म्हणूनच इंग्रजीत अडतं: 'माय मदर' म्हणून झालं की पुढे सगळं येतं, 'रोल्स' येत नाही. हे फळ्यावर तिन्ही भाषांची वाक्यं एकाखाली एक लिहून दहा मिनिटांत दाखवता येतं. कोण, काय करतं, मग बाकीचं. पण ते दाखवायचं तर वर्गात मराठी आणि कन्नडला परवानगी हवी. 'ओन्ली इंग्लिश'ची पाटी लावलेल्या वर्गात ही चूक वर्षभर लाल शाईने कापली जाते आणि ती का होते हे कुणी सांगत नाही.

त्याबरोबर मुलांना वेळ काढायची वाक्यं शिकवायला हवीत. 'लेट मी थिंक.' 'कुड यू रिपीट द क्वेश्चन?' 'आय डोन्ट नो, बट आय विल आस्क हर.' ही आपण कधीच शिकवत नाही, कारण आपल्या कल्पनेतल्या सादरीकरणात मूल अडतच नाही. खरं बोलताना प्रत्येक जण अडतो. अडल्यावर इंग्रजीतच सावरता आलं तर ते पाठ केलेल्या चार पानांपेक्षा मोठं आहे, आणि गुणही त्याचे असावेत.

वेळ कुठे आहे, असं शिक्षक विचारतात. प्रश्न रास्त आहे. ग्रामीण मराठी शाळांतल्या शिक्षकांच्या मागे मध्यान्ह आहार, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, सगळंच आहे. तरी हिशेब करून पाहू. तीन मिनिटं बोलणं, दोन मिनिटं प्रश्न, म्हणजे एका मुलाला पाच मिनिटं. चाळीस मिनिटांच्या तासात आठ मुलं. चाळीसच्या वर्गाला पाच तास. तेही सलग घेण्याची गरज नाही; रोज तासाच्या सुरुवातीला दोन मुलं घेतली तर शाळेच्या वीस दिवसांत वर्ग संपतो आणि रोजची दहा मिनिटं कुणाला जड जात नाहीत. दसऱ्याच्या सुट्टीत प्रश्न देऊन टाकायचे, सुट्टीनंतर सुरुवात. जानेवारीच्या गर्दीत कोंबण्याचं काही कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मराठीची सूट दिली की मुलं मराठीतच राहतील, इंग्रजीपर्यंत येणारच नाहीत. हे काही मुलांच्या बाबतीत होईल, मी नाकारत नाही. म्हणून रेषा आखून घ्यावी लागेल: विचारणं, लिहून घेणं, पहिली तालीम कुठल्याही भाषेत, वर्गासमोर उभं राहिल्यावर इंग्रजी. आठवीत उत्तर देताना अर्धं वाक्य मराठीत गेलं तर चालवून घ्यावं, दहावीत नाही. पण आज जे चाललंय त्यात तरी मुलं इंग्रजीपर्यंत कुठे येतात? ती झेरॉक्सवाल्याच्या इंग्रजीपर्यंत येतात. अलीकडे तर झेरॉक्सवाल्याचीही गरज उरली नाही, आईच्या मोबाइलला विषय सांगितला की तो शुद्ध, गुळगुळीत पान लिहून देतो, ज्यातले निम्मे शब्द मुलाला उच्चारताही येत नाहीत. मोबाइल वापरू नका म्हणून ते थांबणार नाही. मात्र 'तुझ्या आईला किती वेळ लागतो?' याचं उत्तर मोबाइलला माहीत नसतं.

आणि खुद्द शिक्षकांचं इंग्रजी? हा विषय सगळे टाळतात. मराठी शाळांतल्या अनेक शिक्षकांना इंग्रजी वाचता-शिकवता येतं, पण वर्गात मोकळेपणाने बोलायचा संकोच असतो. पाठ केलेली भाषणं त्यांनाही सोयीची असतात. जिथे प्रश्न खराच पडलेला असतो तिथे साधं इंग्रजी पुरतं. 'हू काउंट्स द बीडीज?' एवढं विचारायला पदवी लागत नाही.

भाषेच्या राजकारणाला बाजूला ठेवून हे लिहिता येणार नाही. तयारीत कन्नड आलं की आपल्यातल्या काही जणांच्या कपाळावर आठी पडेल. १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून काळा दिन पाळणाऱ्या घरात वाढलेल्या पोराने कारकुनाशी कन्नड बोलायचं? पण २०१५ च्या कायद्याने कन्नड राज्यातल्या सगळ्या शाळांत प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शिकवणं बंधनकारक झालंच आहे, आणि बाजारात, बसमध्ये, तालुका कचेरीत मुलं ती रोज ऐकतात. जी भाषा पोराच्या कानावर पडतेच आहे तिचा त्याने स्वतःच्या कामासाठी वापर केला तर त्याची मराठी कमी होत नाही. उलट्या बाजूने, मराठी शाळेच्या वहीत मराठी दिसली की ज्यांना खटकतं त्यांनी राज्यघटनेचा ३५० अ हा अनुच्छेद वाचावा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय व्हावी यासाठी तो १९५६ साली, राज्य पुनर्रचनेबरोबरच घातला गेला. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर आठवीतली पोरगी दहावी होऊन जाते.

इथेच आपल्या चळवळीला एक प्रश्न विचारायला हवा. मराठी शाळा वाचवा, असं आपण व्यासपीठावरून सांगतो, आणि समोर बसलेला बाप मनात म्हणतो, 'ते खरं, पण माझं पोर इंग्रजी बोलेल काय?' याला आपल्याकडे उत्तर नसतं, म्हणून तो पोराला इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतो. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकच्याच खटल्यात स्पष्ट केलं. २०१९-२० पासून राज्य सरकारने स्वतःच हजारभर सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू करायचं ठरवलं. अस्मितेच्या भाषणाने त्या बापाचं समाधान होणार नाही. मराठी शाळेतली मुलगी गावाच्या प्रश्नावर तीन मिनिटं इंग्रजीत बोलते आणि वर्गाच्या प्रश्नांना उत्तरं देते, हे त्याने पालकसभेत डोळ्यांनी पाहिलं तर तो निदान विचार करेल. इंग्रजी माध्यमातल्या कित्येक मुलांनाही हे जमत नाही. मराठी बोलल्याबद्दल दंड भरणाऱ्या मुलाला आजीकडून माहिती घ्यावी हे सुचतच नाही. आजी इंग्रजी बोलत नाही, म्हणजे ती प्रोजेक्टच्या कामाची नाही.

पहिली ते तिसरीच्या 'नलीकली'त, म्हणजे कृतीतून शिकवण्याच्या सरकारी पद्धतीत, आपली मुलं गटात बसून सतत बोलत असतात. चौथीपासून ती गप्प होतात आणि आठवीत आपण त्यांना इंग्रजीत बोलायला उभं करतो. मधल्या चार वर्षांत त्यांना मराठीतही कुणी 'तुला काय वाटतं?' असं विचारलेलं नसतं. याची जबाबदारी एकट्या इंग्रजीच्या शिक्षकावर टाकता येणार नाही.

बदलाच्या आड खरोखर काय येतं हे शाळेत बसलं की कळतं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला फाइल दाखवावी लागते. बोलणं फाइलला लागत नाही, बायंडिंग लागतं. गुण कशाचे दिले याचा कागदी पुरावा हवा म्हणून शिक्षक मुलांकडून ती चार पानं मागतात, नाहीतर त्यांनाही ती नको असतात. तेव्हा मागणी करायची तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे आणि गावोगावच्या शाळा सुधारणा समित्यांकडे ही करावी: तोंडी प्रोजेक्टचे निम्मे गुण वर्गाने विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांना असावेत, आणि पुरावा म्हणून बायंडिंगऐवजी मुलाच्या हस्ताक्षरातला एकच कागद फाइलला लागावा. कुणाला विचारलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, वर्गाने कोणते प्रश्न काढले. तो कागद मराठीत असला तरी, कन्नडमध्ये असला तरी, किंवा दोन्हींची खिचडी असली तरी, तो इंग्रजीच्या फाइलमध्ये चालेल असं एका ओळीचं परिपत्रक निघावं. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. पुढची एफए, म्हणजे वर्षभरातल्या मूल्यमापनाची पुढची फेरी, येण्याआधी हे होऊ शकतं.